हनीफभाईंचं वळण

यंत्र रुसत नाही, कुठंतरी वायर रुसलेली असते, असं मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. नांदेडला देगलूर नाक्यावर हनीफभाईंच्या लग्नपत्रिकांच्या दुकानातही तेच म्हणालो. हनीफभाई जाऊन चाळीस दिवस झाले होते. त्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी तूबा बसली होती.

"भीमाशंकरकाका, एक नंबरला माऊस चालून राहिला. दोनला न्हाई."

टेबलावर स्क्रीन, कीबोर्ड, माऊस एकेकच. खाली कॉम्प्युटर दोन: एक नंबर तूबाचा, दोन तिच्या अब्बांचा. मधल्या स्विचचं बटण दाबलं की हा, नाहीतर तो. दोन नंबरमध्ये तूबाच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका होती, उर्दूतली. हनीफभाईंनी माऊस बोरूसारखा धरून अक्षर न् अक्षर लिहिलेली. आज दुपारी ती छापायला जायची होती.

"अब्बांच्या नावाआधी 'मरहूम' घालायचं राहिलंय," ती म्हणाली. आपल्यात कैलासवासी लिहितात, तसं. "हा एकच शब्द माझ्या हातचा. लई वेगळा दिसल, काका."

मी स्विच बंद-चालू केला, माऊस बदलून पाहिला. दोनचं बटण दाबलं की कीबोर्ड चाले, पण माऊसचा लाल दिवा विझे. शेवटी टेबलाखाली शिरलो, दोन नंबरच्या पाठीतून माऊसची हिरवी पिन उपसली आणि बॅटरीच्या उजेडात तिचे काटे पाहिले. सगळे सरळ होते.

"चाललं, काका!"

काय चाललं, म्हणत मी बाहेर आलो.

तूबाचे दोन्ही हात ओढणीत होते. माऊस नुसता पडलेला, दिवा विझलेला. स्क्रीनवर बाण मात्र सरकत होता, उजवीकडून डावीकडे.

एक रेघ. मग थांबला. मग पुढची.

"अब्बा दम रोखून रेघ ओढायचे," तूबा पुटपुटली. "मधी दम घ्यायला थांबायचे."

मला उर्दू येत नाही. पण माझ्या दुकानाची पाटी हनीफभाईंनीच रंगवलीय. रेघेच्या शेवटी त्यांच्या हाताला येणारा तो हलका झोका मी ओळखतो. भीती नंतर वाटली. तेव्हा नुसता थक्क होऊन बघत राहिलो. इतकं सुंदर काही होताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बाण थांबला.

"काय लिहिलं?"

तूबानं अब्बांच्या नावाच्या आधी बोट टेकवलं.

"मरहूम."

मग तिनं कीबोर्डवरून फाइल सेव्ह केली.

माझे हात आपोआप जोडले जाऊ लागले, पण तळवे एकमेकांना टेकेनात. हिरवी पिन अजून माझ्या मुठीत होती.