दुसरी जीभ

आत्या गेल्यानंतर सात महिन्यांनी तिच्या औषधशाळेचे कुलूप निघाले, आणि पहिल्याच दिवशी भाचीने हाती घेतले ते सर्वांत अवघड काम: बचनागाचे मूळ शिजवून निर्धोक करण्याचे. हे सुकलेले, काळपट, बोटाएवढे मूळ कच्चे पोटात गेले तर हृदय बंद पाडते. नीट शिजले तर आखडलेल्या गुडघ्यांना पुन्हा जिने चढायला लावते. या दोहोंमधले अंतर डोळ्यांना दिसत नाही. ते जिभेलाच कळते.

आत्याचा माल घेणाऱ्या वैद्यकाकांनी अट स्पष्ट सांगितली होती. "पाच वाजता येतो. माल परीक्षेला उतरला तर पुढचं सगळं काम तुझं. नाही उतरला तर पोरी, कुलूप लाव आणि सुखानं नोकरी कर." माल घेण्यापूर्वी तेही तो स्वतःच्या जिभेवर ठेवत. पण त्यांचे वय एक्क्याऐंशी होते आणि हृदय थकलेले. म्हणून त्यांच्या जिभेआधी औषधशाळेची जीभ, हा आत्याचा दंडक.

परीक्षा साधी होती. शिजलेल्या मुळाच्या चकतीचा नखाएवढा तुकडा चावायचा, थुंकायचा आणि शंभर अंक मोजायचे. तेवढ्यात जीभ चुरचुरली की सगळ्या चकत्या पुन्हा पातेल्यात. मात्र एका जिभेने दिवसात एकच परीक्षा करायची. एकदा बधिरलेली जीभ संध्याकाळपर्यंत खोटे बोलते. म्हणून खिडकीपाशी दोन स्टुले होती, आणि त्यांतले एक कायम आत्याचे.

आत्या मोठ्याने मोजायची. सदुसष्टावर क्षणभर थांबायची आणि थेट एकोणसत्तर म्हणायची. लहानगी भाची आणि तिचा धाकटा भाऊ हसून लोळायचे. "आत्या, अडुसष्ट गाळलंस!" "गाळते कुठे? थांबते मी," ती म्हणायची, आणि माल परीक्षेला उतरला असेल तर बरणीतला खडीसाखरेचा खडा दाताखाली कडकन फोडायची. न उतरल्यास साखर नाही. तो आवाज झाला की घरभर आनंद पसरायचा.

सकाळी दहाला भाचीने पहिली परीक्षा केली. जीभ चुरचुरली, चकत्या पुन्हा शिजत ठेवल्या. दोनला धाकट्या भावाची जीभ यायची होती. दोनला आला तो त्याचा फोन.

"ताई, तासभर उशीर होतोय. रागावू नकोस."

"रागावून तू कधी लवकर आलायस का?" असे म्हणून तिने हिशेब केला. चार तास झाले होते. मधे तिने चहा घेतला होता, तो गरम लागला होता, म्हणजे जीभ जागी झाली असणार. जरा फिका, पण घाईत साखर राहिली असेल. तिने तुकडा चावला, शंभर मोजले. काहीच नाही! तिने एकटीनेच टाळी वाजवली, गॅस बंद केला, चकत्या ताटात पसरल्या आणि मालाच्या पुड्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला पुढच्या खोलीत गेली. लिहिताना ती चक्क गाणे गुणगुणत होती.

परतली तेव्हा ताट रिकामे होते.

गॅस पेटलेला होता. पातेल्यात चकत्या खदखदत होत्या आणि ओल्या मातीचा, किंचित कडवट वास वाफेबरोबर भिंतींवर चढत होता. चावलेली एक चकती तेवढी बशीत राहिली होती. आणि वाफेच्या आत, पाण्याच्या आवाजाखाली, कोणीतरी अगदी हळू मोजत होते.

"... पासष्ट... सहासष्ट... सदुसष्ट..." एक श्वास गेला. "... एकोणसत्तर..."

"पुरे झाली थट्टा," ती म्हणाली. "बाहेर ये. आत्याची नक्कल आज नको."

"कोण करतंय नक्कल?" भाऊ जिन्यावरून बोलला. तो धापा टाकत आत आला. पायांत बूट, खांद्यावर पिशवी. तहान लागली म्हणून त्याने तिचा उरलेला गार चहा तोंडाला लावला आणि तोंड वेडेवाकडे केले. "अगं, हा चहा आहे की पाक? किती साखर!"

भाची खाली बसली. फिका लागलेला चहा गोड होता. तिची जीभ सकाळपासून मेलेली होती, आणि त्या मेलेल्या जिभेने तिने माल पास केला होता.

बशीतल्या चकतीचा तुकडा भावाने चावला. चाळिसाच्या आतच त्याने ओठ पुसले. "कच्चं आहे, ताई... चांगलंच कच्चं."

"काका हे जिभेवर ठेवणार होते. चकत्या पुन्हा पातेल्यात मी नाही टाकल्या, आणि आत्ता इथे कोणीतरी सदुसष्टावर थांबून मोजत होतं."

दोघेही पातेल्याकडे पाहत राहिले. मग भावाला हसू फुटले, आणि तिलाही. भीतीने अंगावर काटा होता, तरी हसू आवरत नव्हते. लहानपणी चोरी पकडली गेल्यावर यायचे तसे. "मेल्यावरही कान पिरगाळते बाई," तो म्हणाला.

पावणेपाचला चकत्या काढल्या. आता दोन्ही जिभा संपल्या होत्या. भाचीने एक तुकडा बशीत ठेवला, बशी आत्याच्या स्टुलासमोर, शेजारी साखरेची बरणी. दोघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मोजणी सुरू झाली. सावकाश, ओळखीची, जरा नाकातली. सदुसष्टानंतर ती थांबली. नेहमीपेक्षा अधिक थांबली. मग एकोणसत्तर. शंभर. शांतता...

कडक्.

बशी रिकामी होती. भावाने बहिणीला उचलून गरकन फिरवले.

तेवढ्यात दार वाजले. वैद्यकाका आले, तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसले. शेवटी मान डोलावली. "तिच्यासारखंच. कुठे चुरचुर नाही, पण मूळ जिवंत आहे. पुढच्या महिन्यात दुप्पट माल दे." भाचीच्या डोळ्यांत पाणी आले, तिने ते लपवलेही नाही.

निघताना काका जिन्यावर थांबले. "मघाशी दाराबाहेरच उभा होतो, मोजणी मोडू नये म्हणून. छान वाटलं ऐकून. आत्यासारखीच थांबतेस तू सदुसष्टावर."

भाचीने मागे वळून आत्याच्या स्टुलाकडे पाहिले.

"पण अडुसष्ट म्हणणारी ती दुसरी कोण? आवाज फार म्हातारा वाटला."

भावाने बहिणीकडे पाहिले. आत उभे असताना सदुसष्टानंतरच्या त्या थांब्यात त्यांना काहीच ऐकू आले नव्हते.

काकांची काठी जिना उतरत गेली. मागे, रिकाम्या औषधशाळेत, साखरेचा खडा फुटला. कडक्. दोघे एकमेकांचा हात धरून हसणार, इतक्यात, आत्याच्या स्टुलाच्याही पलीकडून, अगदी संथपणे, दुसरा फुटला.