कोऱ्या जागेतले चार

ही गोष्ट खोटी असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्यासमोर घडली, आणि चूक माझीच होती.

लेनिनग्राद. १९७४चा डिसेंबर. वासिल्येव्स्की बेटावरची मुलांची संगीतशाळा. दुपारचे चार, आणि बाहेर अंधार पडलेला.

माझ्या वर्गात दोन पियानो शेजारी शेजारी होते. एक विद्यार्थ्याचा, एक शिक्षकाचा. माझा बिघडलेला. तारा दुरुस्तीला नेलेल्या, झाकणाला कुलूप.

बारा वर्षांची आस्या माझी लाडकी विद्यार्थिनी. जानेवारीत तिला मोठ्या विद्यालयाची परीक्षा द्यायची होती. शाळेच्या जुन्या कपाटातली हाताने लिहिलेल्या सुरांची एक वही तिनेच शोधली. १९१५ची रचना. लिहिणारा पुढे कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

सूर विचित्रच. आणि सूर लिहायच्या पाचही रेघा मध्येच तुटलेल्या...

तिथे थांबण्याची खूणसुद्धा नाही. नुसता कोरा कागद. वर बारीक अक्षरात लिहिलेलं : इथे मोजू नये.

"मग किती थांबायचं, रिम्मा ल्वोव्ना?" आस्याने मला विचारलं.

मुलांना मोजायला शिकवणं हेच माझं आयुष्य. मी पेन्सिलीने तिथे चारचा आकडा लिहिला.

आस्याने वाजवायला घेतलं. कोऱ्या जागेपाशी हात उचलले. मी ठेक्यात मोजू लागले. एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि...

चौथ्याला सूर आला.

माझ्या कुलूपबंद पियानोतून.

खाली मुलांचे कोट सांभाळणाऱ्या कापा मावशी मी निघताना म्हणाल्या, "आज दोघी वाजवत होत्या ना? दुसरीचा हात तुमच्यापेक्षा बरा आहे हो."

पुढच्या तासाला त्या जागी पाच होता. मग नऊ. मी आस्याला रागावले.

"मी कशाला लिहू? अक्षर तुमचंच आहे."

खरंच माझंच होतं.

परीक्षेत काय वाजवणार ते कळवून झालं होतं, बदलता येत नव्हतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी वही उघडली...

एकतीस.

मी तो आकडा खोडरबराने पुसून टाकला.

आस्या सुंदर वाजवत होती. कोरी जागा आली. तिने हात उचलले...

आणि तशीच राहिली. पापणीही हलेना.

"पुढे वाजव, बाळ," परीक्षक म्हणाले.

तिला ऐकूच येत नव्हतं. आकडा मी पुसला होता. परत कधी यायचं, हे तिला कळणार कसं?

मागच्या रांगेत मी उभी राहिले आणि मोठ्याने मोजू लागले. सगळे वळून बघत होते. एकतिसाव्याला आस्याने श्वास घेतला, आणि हात खाली आले.

परीक्षेत ती नापास झाली. त्याचं काही नाही.

आठवड्याने चहा पिताना ती पुन्हा थांबली, चमचा हातात धरून. बत्तीस मोजावे लागले.

आज मी एक्याऐंशी वर्षांची आहे. आस्या अशी थांबली की तिचा नवरा ग्लेब फोन करतो. "मोजा, रिम्मा ल्वोव्ना," एवढंच म्हणतो आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावतो. दुसऱ्या कुणी मोजलं तर ती येत नाही. मागच्या खेपेला दोनशे सहा झाले.

काल एकशे चाळीसला माझा दम संपला. मी रिसीव्हर बाजूला ठेवला, पाणी प्यायले, घाईघाईने पुन्हा कानाला लावला.

"असंच चालू ठेवा," ग्लेब म्हणत होता. "आवाज छान येतोय."

त्याच्या मागे माझाच आवाज मोजत होता. एकशे बावन्न-आणि, एकशे त्रेपन्न-आणि...

दोनशे सातला आस्याने श्वास घेतला. मला तो ऐकू आला.

मोजणं मात्र थांबलं नाही.