प्रश्नचिन्हांखालचा पाहुणा

ही गोष्ट खरी आहे. माझी मामी कडाकडा भांडते, पण खोटं बोलत नाही.

आणि हे रात्रीचं नाही. भरदुपारी, कारखान्याच्या ऑफिसात, दिवे चालू असताना घडलं.

मामी तिथे फोटो सांभाळते. कारखान्याला लागलेल्या आगीत गेलेल्या कामगारांचे फोटोही तिच्याकडेच. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये माहितीचा एक रकाना असतो. त्यात तिनं एकेकाचं नाव मराठीत टाइप करून ठेवलं होतं.

नव्या साहेबांनी सगळे फोटो दुसऱ्या, स्वस्तातल्या सिस्टीममध्ये हलवले. त्या सिस्टीमला मराठी अक्षरं कळत नव्हती. मामीनं आधीच बजावलं होतं, पण ऐकतो कोण!

सकाळी फाइल उघडली, तर नावाच्या जागी...

??????

सगळ्यांच्याच.

मामीचं डोकं फिरलं. अक्षरांचा नुसता गोंधळ झाला असता, तर तिनं तो निस्तरला असता. तशा गोंधळाखाली मूळ अक्षर शाबूत असतं. प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षर मेलंच. जुनी प्रतही साहेबांनी पुसून टाकली होती.

ती तरातरा केबिनमध्ये गेली. साहेबांनी मानही वर केली नाही.

"चेहरा दिसतोय ना? मग नावावाचून काय अडलंय?"

मामीनं संतापात घरोघरी फोन करून नावं परत भरली.

एक राहिलं.

त्या माणसाला कुणीच नव्हतं. त्याचे कागद आगीत जळाले होते. सगळे त्याला 'पाहुणा' म्हणायचे. खरं नाव मामीनंच कधीकाळी टाइप केलं होतं, आणि आता काही केल्या आठवत नव्हतं. ती स्वतःवरच चिडून त्या फोटोसमोर बसली.

खट्...

तिचे हात मांडीवर होते.

खट्... खट्...

एकेक प्रश्नचिन्ह गेलं. एकेक अक्षर आलं. मामीनं वाचलं.

ते साहेबांचं नाव होतं.

असली चेष्टा कुणी केली, हे विचारायला ती उठली. केबिनच्या दारावरची पितळी पाटी कोरी होती. आत साहेब सहीसाठी पेन टेकवून बसले होते.

"ताई... माझं नाव काय हो?"

शिपायाला आठवेना. साहेबांनी घरी फोन लावला. बायको जन्मभर 'अहो' म्हणत आलेली, तिलाही नाव सांगता येईना.

मामी म्हणाली, "चेहरा दिसतोय ना, साहेब?"

साहेब काम सोडून गेले. त्यांची कीव येत नाही, असं मामी सांगते. पण एकदा तिनं ते नाव त्यांच्यासाठी उतरवून घ्यायचा प्रयत्न केला होता. फोटोवरून नजर हलली, की ती नाव विसरायची.

परवा ऑफिसात तिनं मला पाहुण्याचा तो फोटो दाखवला. मी नाव मोठ्यानं वाचलं.

शेजारची खोली कुलूपबंद होती.

तिथून कुणीतरी ओ दिली.

मामीनं स्क्रीन बंद केली. मी काय वाचलं, ते मला आता आठवत नाही.