बोरीखालचा तुकडा

"हात काढ त्याच्यावरनं."

सुलाबाईचा आवाज एवढा करडा निघाला की जात्याचा खुंटा धरून फोटोसाठी हसत बसलेली उत्कर्षा दचकून उठलीच. भोवतीच्या पंधरा-वीस मुली वळून बघायला लागल्या. इस्लामपूरच्या त्यांच्या वसतिगृहात सुलाबाई गेली अकरा वर्षं दोन्ही वेळच्या भाकरी थापत होती. भाजी खारट झाली म्हणून कुणी ताट सरकवलं तरी ‘राहू दे बाई, दुसरं वाढते’ म्हणणारी ही मावशी आज चक्क ओरडली होती...

"मावशी, पाटीवर लिहिलंय की दळून बघा म्हणून," उत्कर्षा चाचरत म्हणाली.

"काय लिवलंय ते मला सांगू नको. त्या दगडाला हात लावायचा न्हाई."

तिनं वाकून जात्याच्या वरच्या दगडावरून बोटं फिरवली. कडेला तळहाताएवढा टवका उडालेला होता. तोच टवका. घोड्याच्या पाठीवरून बिऱ्हाड उतरवताना हे जातं निसटून पडलं होतं, तेव्हा तिची आई जिवंत होती. दगड तोच होता, आणि पंचेचाळीस वर्षं जिथं होता तिथून तो कुणीतरी उचलून आणला होता... तिच्या लेकीच्या उरावरून उचलून आणला होता!

सहल आटपाडीकडच्या ‘धनगरी शिवार’ला जाणार हे तिला कालच कळलं होतं. जुनी शेती, जुनं घर, मेंढपाळांच्या वस्तूंचं संग्रहालय, शेजारी मुक्कामाला तंबू, असं मुली कागदावरचं वाचत होत्या, आणि पिठाच्या परातीत सुलाबाईचे हात थांबले होते. ते शिवार तिच्या धाकट्या भावाचं, मानसिंगचं होतं. म्हणजे तिच्या बापाचं. अकरा वर्षांत तिनं तिकडं पाऊल टाकलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. उद्‌घाटनाला म्हणे अख्खा तालुका जेवला. बहिणीला आवतण द्यायचं तेवढं राहून गेलं. सहलीला ‘येत नाही’ म्हणायला तिचं काय जात होतं? पण माहेर म्हटलं की बाईची अक्कल चुलीत जाते. डोक्यावर पदर ओढून, मुलींच्या घोळक्यातून लांबूनच बघून यावं, बोरीखालच्या तुकड्याला नजरेनंच हात लावून यावा, एवढीच तिची इच्छा होती. दारातल्या मुलीनं तिच्या मनगटाला पाहुण्यांचा कागदी पट्टा बांधला, तो तिनं पदराखाली झाकला. ज्या मातीत ती जन्मली त्या मातीत ती तिकीट काढून आली होती.

भिंतीवर बापाचा, दादांचा, मोठा फोटो होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं... ‘पत्नीच्या निधनानंतर कै. धुळा यांनी आपल्या तान्ह्या मुलाला, मानसिंगला, एकट्याने वाढवले.’

एकट्याने! मघाशी हे वाचून ती तशीच पुढं सरकली होती. आयुष्यभर मूग गिळलेल्या बाईला त्यात जड ते काय? पण आता त्या दगडाशी उभं राहताना तिच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"आत्या? तू कवा आलीस?"

मानसिंगचा मुलगा विश्वजित समोर उभा होता. शेतीची पदवी घेतलेला, चुणचुणीत पोरगा. हे सगळं त्याचंच डोकं. तो वाकून पाया पडायला गेला, पण सुलाबाईनं पाय मागं घेतला.

"ह्यो दगड कुटनं आणलास?"

"व्हय, भारी हाय ना? खालचा जुन्या घरात घावला, वरचा काय मिळंना. मग तंबूसाठी बोरीखाली सपाटी करताना पालथा पडलेला दिसला. अगदी जोडीचा निघाला, आत्या."

पोराला आपल्या शोधाचं कौतुक वाटत होतं. सुलाबाईनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की त्याचं हसू ओठांवरच विरलं, आणि ती पाठ फिरवून तरातरा बोरीकडे निघाली. मागून विश्वजित, आणि त्याच्या मागून काय झालंय ते न कळलेली उत्कर्षा.

बांधाच्या कोपऱ्यात बोर होती. चांगली जाडजूड झाली होती. पण खाली...

खाली दहा-बारा तंबू होते, आणि ‘मेंढक्यासारखी एक रात्र’ अशी पाटी. बाई गं, मेंढक्यासारखी एक रात्र! मेंढरांमागं पाटणपर्यंत चालत जाणाऱ्यांना विचारा, उघड्यावर का झोपायचे. डोक्यावर छप्पर नव्हतं म्हणून झोपायचे. आणि तंबूंच्या मधोमध, बरोब्बर बोरीच्या बुंध्याशी, गोल दगड रचून शेकोटीचा खड्डा केला होता. खड्डा राखेनं भरला होता. अर्धवट जळलेली लाकडं, भाजलेल्या कणसांची बुरकंडं, कुणाचा तरी कागदी पेला...

अकरा वर्षांपूर्वी मानसिंग फौजेतून परतला आणि म्हणाला, कागद एका नावावर झाले म्हणजे बरं. बापाच्या जमिनीतला वाटा बहिणीनं भावाला लिहून द्यायचा, त्याला हक्कसोड म्हणतात. बहिणीनं सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर तुटतं, ही आपल्याकडची रीत. सुलाबाईनं एका शब्दानं विचारलं नाही. सही करताना एवढंच म्हणाली होती, "बोरीखालचा तुकडा तेवढा कुणी मोडू नगा." मानसिंग "बरं" म्हणाला होता. का, ते विचारलं नाही. आक्काचं काहीतरी देवाधर्माचं असेल, असं त्यानं धरलं. पुढच्याच महिन्यात त्याच्या बायकोला, मंगलला, एका चुलीशी दोन बायका जास्त वाटायला लागल्या, आणि इतकी वर्षं माहेरीच राहिलेली आणि ते टिकावं म्हणून सही केलेली सुलाबाई गाठोडं घेऊन इस्लामपूरच्या गाडीत बसली. मानसिंगनं तिला थांब म्हटलं नाही. आक्काला काही वाटत नाही, असं त्या घरात सगळ्यांचंच मत होतं.

सुलाबाईनं रचलेला पहिला दगड उचलला आणि लांब भिरकावला. मग दुसरा.

"आत्या, अगं काय करतीस? संध्याकाळी चाळीस माणसं येणार हायती..."

"येऊ दे. त्यास्नी म्हणावं, इथं जाळ घालायचा आसंल तर आदी मला ढकला आत."

तिसरा दगड एका तंबूवर जाऊन आदळला. गलका ऐकून बाकीच्या मुली आणि फिरायला आलेले पाहुणे जमले, मानसिंग घरातून धावत आला. पंचेचाळिशीचा, ताठ कण्याचा, फौजी मिशांचा माणूस. बहिणीला बघून क्षणभर तो गडबडला, पण पाहुण्यांचे चेहरे दिसले आणि त्याचा आवाज चढला.

"आक्का, पब्लिकसमोर तमाशा नको. काय बोलायचं ते घरात चल नि बोल."

"कुणाच्या घरात?"

"आता जमिनीचं मनात आलं व्हय? ते तवाच लिवून दिलंस. कुणी जबरदस्ती केली न्हवती."

उत्कर्षानं खाली बघितलं. विश्वजितसुद्धा "आबा..." म्हणून पुढं झाला. पण तीर सुटला होता. सुलाबाईच्या हातातला दगड हातातच राहिला.

"जमीन? जमीन मागाय आले मी?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, म्हणूनच सगळ्यांना ऐकू आला. "सगळी जमीन तुला दिली, मानसिंगा. घर दिलं, ऐन उमेदीची वर्सं दिली, माजा संसार दिला. चार हात जागा मागितली हुती. कुळव घालू नगा म्हणाले हुते. तुमी तिच्यावर रोज जाळ घातला."

"तिच्यावर? कुणावर?"

"माज्या लेकीवर."

मानसिंगच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

आणि माहीत कसं असणार? बापानं तिच्याकडून वचन घेतलं होतं. ‘आपल्यामुळं एक जीव गेला, हे ओझं घिऊन पोरगं जगायचं न्हाई. त्याला कवा सांगू नको.’ ते वचन तिनं बाप गेल्यावरही पाळलं. आज ते मोडायचं की नाही, हा विचार करायलासुद्धा ती थांबली नाही. मुकाट्यानं केलेल्या त्यागाची किंमत काय झाली, ते तर समोर राखेत दिसत होतं!

"तुजा जल्म पाटणच्या खाली, मेंढरांच्या मुक्कामावर झाला. तिसऱ्या दिवशी आई गेली. मी बाळंतपणाला म्हायेरी आले हुते, माजी पोर दोन म्हयन्याची हुती, मी तुमच्यासंगंच हुते. तुला शेळीचं दूध पचायचं न्हाई, वकायचास. मग तुला मी अंगावर घेतलं. एका अंगाला तू, एका अंगाला ती. पर दुष्काळाचं साल, खायला रेशनच्या तांबड्या मिलूची भाकरी, मला दूध किती येणार? तुजं भागायचं, तिला शेळीचं पाजायची. तिला हगवण लागली. घरी येस्तवर पोरीची नुसती हाडं ऱ्हायली हुती. इथं पुरली तिला दादांनी. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून आईच्या जात्याचा दगड वर पालथा घातला. सासू आली, म्हणाली, भावाला पाजलीस नि लेक मारलीस. त्यांनी मला परत न्येलं न्हाई, नवऱ्यानं दुसरी केली. आन तुज्या भिताडावर लिवलंय, दादांनी एकट्यानं वाढवलं."

सीमेवर बर्फात उभा राहिलेला मानसिंग शेकोटीच्या कडेला खाली बसला. विश्वजितच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. पोरगं गुणी होतं, पण शेवटी आपल्या धंद्यातलंच सुचणार.

"आत्या, मी आजच ती पाटी काढतो. नवी करतो. तुझं नाव, तिचं नाव, सगळी हकीकत... लोकांना कळू दे तू काय केलंस ते."

"खबरदार," सुलाबाई म्हणाली. "माजी लेक तिकीट काढून बघायची न्हाई. तिचं नाव बानू हुतं. ते तुमच्या दोघांस्नी ठावं आसलं म्हंजे झालं. पाटीवर न्हाई."

विश्वजित तंबूंचे खुंटे उपटायला लागला. उत्कर्षानं सांगण्याची वाट न बघता दुसऱ्या बाजूची दोरी सोडली. गड्यांना हाक मारून त्यानं जात्याचा दगड उचलून आणायला सांगितलं, आणि मग फोन काढून आजचा मुक्काम रद्द असल्याचं तो एकेकाला कळवू लागला.

मानसिंग मात्र बसल्या जागेवरून हलला नव्हता. पंचेचाळीस वर्षांत ज्याला भूक म्हणजे काय ते कुणी कळू दिलं नव्हतं, तो भाऊ राखेकडे बघत होता. मग मान वर करून त्यानं विचारलं,

"आक्का... मग मला का पाजलंस? तिला का न्हाई?"

हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. तिनं स्वतःला मात्र रोज विचारला होता. हातातला दगड तिनं हळूच खाली ठेवला.

"मी काय ठरीवलं न्हवतं रं. तू रडायचास. भूक लागली की तुजा आवाज माळाच्या त्या टोकाला जायचा. ती रडायची न्हाई, नुसती डोळं उगडून बगायची. मला वाटायचं, रडतंय त्याला आदी घ्यावं... ती गप हाय, तिला मागनं घिऊ. रोज मागनं. किती गुणाची माजी पोर, म्हणायचे मी समद्यांस्नी. गुणाची न्हवती रं ती, तिच्या अंगात रडायला जीव ऱ्हायला न्हवता. मी आय आसून मला कळलं न्हाई."

मानसिंगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला, एवढा मोठा माणूस, पाहुण्यांसमोर, लहान पोरासारखा. "आक्का," तो म्हणत होता, "आक्का..."

त्या आवाजासरशी सुलाबाईचे पाय आपोआप त्याच्याकडं वळले. मानसिंग रडला आणि ती धावली नाही, असं जन्मात झालं नव्हतं. पण दोन पावलांवर ती थांबली. तिला राग होताच, तो काही एका रडण्यानं जाणार नव्हता. पण ती रागानं थांबली नाही.

गप असलेलीची पाळी आज आधी होती. ती मागं फिरली. बोरीच्या बुंध्याशी गुडघे टेकून बसली, ओंजळी-ओंजळीनं राख बाजूला सारली, खालची काळी पडलेली माती मोकळी केली आणि तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले. माती दुपारच्या उन्हानं कोमट झाली होती. मागं भाऊ हाका मारत होता. सुलाबाईनं ओ दिली नाही. जेवढा वेळ बसावंसं वाटलं तेवढा वेळ ती लेकीपाशी बसली.

मग उठली, पदराला हात पुसले आणि भावाकडे गेली.