ऐरण वाजेपर्यंत

दुपारचं जेवण उरकून लोहार दुकानात आला, तेव्हा खाणीवरचा मुकादम दारात उभा होता. खांद्यावर पहार, मनगटाएवढी जाड, टोक पार बोथट झालेलं.

"काका, टोक काढून द्या. संध्याकाळी नेतो."

"दोन माणसांचं काम आहे. दुसरीकडे बघ."

"दुसरीकडे कुठे बघू? वर्षभर नुसते खिळे नि कोयंडे करत बसलात. हात गंजतील तुमचे."

"माझे हात गंजले तर मी घासून घेईन. तू तुझं बघ."

मुकादम हसला आणि पहार ऐरणीला टेकवून निघून गेला. लोहार शिव्या घालेल, पण दारात आलेलं लोखंड रस्त्यावर फेकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दोन माणसांचं काम असतं ते असं. तापलेलं लोखंड ऐरणीवर धरून लोहार लहान हातोडीने टोला देतो. जिथे टोला पडेल, तिथेच समोरच्याने घण घालायचा. मध्ये बोलणं नाही. हातोडी सांगते, घण ऐकतो. थांबायचं झालं, की लोहार हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजवतो. ती वाजल्याशिवाय घण खाली ठेवायचा नाही, हा धंद्यातला कायदा.

समोर घण घ्यायला त्याचा एकुलता एक मुलगा असायचा. गल्ली त्याला 'साहेब' म्हणायची. कारण भट्टीपाशी येण्याआधी तो भांग पाडायचा आणि साबण लावून हात धुवायचा.

"हात काळे करायच्या आधी धुणारा जगातला पहिला लोहार," बाप म्हणायचा.

"बाबा, लोखंडालाही वाटलं पाहिजे, कुणी बरा माणूस मारतोय."

अंगाने काटकुळा, पण घण उचलला की बघत राहावं. बाप चिडला की आईच्या मागे लपायचा, तिच्यापेक्षा दोन वीत उंच असून. एकदा गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या नादात बाप ऐरण वाजवायला विसरला. साहेब घण डोक्यावर धरून तसाच उभा. शेवटी म्हणाला, "बाबा, माझा पुतळा झालाय. डोक्यावर कावळे बसायच्या आत वाजवा." त्या दिवशी म्हातारासुद्धा हसला होता. गल्लीने ते पाहिलं आणि बरेच दिवस सांगितलं.

मागच्या उन्हाळ्यात असंच काम चालू असताना साहेबाच्या हातून घण सुटला. कपाळ धरून तो खाली बसला. "डोकं फार दुखतंय, बाबा." दवाखान्यात नेला, तो परत चालत आला नाही.

आता गल्ली दुपारची झोपली होती. लोहाराने भाता ओढला. पहारीचं टोक आधी लाल झालं, मग पिवळं. होईल तेवढं एकट्याने करू, असं म्हणून त्याने ते ऐरणीवर धरलं, हातोडीचा टोला दिला आणि जुन्या सवयीने पळभर थांबला.

धम्म.

जमीन हादरली. पिवळं लोखंड दबलं.

लोहाराने वर पाहिलं. समोर कुणी नव्हतं. घण कोपऱ्यात, भिंतीला टेकलेला. दांड्यावर वर्षभराची कोळशाची धूळ, बोटही न लागलेली. पण लोखंड निवत होतं, आणि लोखंड निवत असताना लोहाराला घाबरायला फुरसत नसते. त्याने दुसरा टोला दिला.

धम्म. घाव किंचित डावीकडे पडला.

हीच ती खोड. याच खोडीवरून त्याने पोराला उभा जन्म बोल लावला होता. कोळशाच्या धुरात मधूनच साबणाचा वास येत होता.

"डावीकडे जातोय," तो सवयीने खेकसला.

पुढचा घाव बरोबर मधोमध पडला.

आतल्या दारात त्याची बायको येऊन उभी राहिली. भांडी घासता घासता उठून आलेली, हातांवरून पाणी ठिबकत होतं.

"अहो... कोण आहे?"

"गप. लोखंड गार होतंय."

दाराला टेकून ती घाव ऐकत राहिली. त्याने पहार पुन्हा तापवली, पुन्हा ठोकली. टोक निघालं, सुबक, चारी अंगांनी सारखं. पाण्याच्या कुंडीत ते चर्रकन विझलं. म्हातारा हातोडी घेऊन ऐरणीशी वळला, तोच तिने त्याचं मनगट धरलं.

"वाजवू नका."

"काम झालं."

"दुसरं काढा काही. माझा तवा घ्या. पळी घ्या, झारा घ्या... सगळं ठोका. वाजवली की तो जाईल हो..."

म्हाताऱ्याने कोपऱ्यातल्या घणाकडे पाहिलं.

"दवाखान्यात नेला त्या दिवशी वाजवायची राहून गेली," तो म्हणाला. "तेव्हापासून उभा आहे तो, घण उचलून. हात भरून आले असतील गं पोराचे."

तिची पकड हळूहळू सुटली.

"हळू वाजवा," ती म्हणाली.

सगळ्या आयुष्यात ती हातोडी त्याला इतकी जड कधी लागली नव्हती.

टण्.

काहीतरी वजनदार, जपून, जमिनीवर टेकल्याचं त्याच्या तळपायांना कळलं. मग कुणीतरी लांब श्वास सोडावा, तसा आवाज झाला. साबणाचा वास विरला. दोघंही रडली नाहीत.

"सुटला," लोहार म्हणाला.

तिने मान हलवली आणि ती आत जायला वळली. तेवढ्यात मागे चामडं कुरकुरलं.

भात्याचा दांडा खाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला.

ऐरण वाजली म्हणजे सुट्टी झाली, असं या धंद्यात नसतं. घण ठेवणारा भात्यावर जातो आणि पुढचं काम तापवायला लागतो. पोराला हे बापानेच शिकवलं होतं.

विझत आलेले निखारे लाल झाले, मग पिवळे. त्यांच्या मधोमध काहीतरी आडवं होतं, पळीच्या दांड्यासारखं लांब, त्यांच्याहून उजळ.

"अहो... त्यात काय ठेवलंय?"

"मी काही ठेवलेलं नाही," लोहार म्हणाला.

भाता जोर धरू लागला.