आतल्या बाजूची कडी

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हर्षाली माझी मावसबहीण आहे आणि खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. नाशिक, पाथर्डी फाटा. दुपारचे साडेबारा.

हो, दुपारच. बाहेर लख्ख ऊन होतं.

नवरा रविराज सिन्नरला कंपनीत गेलेला. आठ महिन्यांचा सुयश हॉलमध्ये झोळीत झोपलेला. हर्षाली बेडरूममध्ये पलंगाशेजारचं छोटं टेबल रंगवायला बसली. जुन्या बाजारातून आणलेलं. वर एक खण, खाली छोटंसं कपाट. धूळ बाळाच्या नाकात जायला नको म्हणून तिने खोलीचं दार नुसतं लोटून घेतलं.

पॉलिश पेपरने घासता घासता हिरवा रंग निघाला. त्याखाली निळा. कपाटाच्या दाराची आतली बाजू घासताना हाताला काहीतरी टोचलं...

एक छोटी पितळी कडी.

आतल्या बाजूने.

हर्षालीला हसू आलं. एवढ्याशा कपाटाला आतून कडी कोण लावतं? आत बसणार कोण?

रंगात रुतलेली ती कडी तिने स्क्रू ड्रायव्हरने मोकळी केली आणि सहज सरकवून पाहिली.

खट्...

आवाज दोन झाले.

एक तिच्या हाताखाली. दुसरा... पाठीमागे.

तिने उठून खोलीचं दार ओढलं. उघडेना. बाहेरून कडी लागली होती.

घरात बाळाशिवाय कोणी नव्हतं. मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला.

धावत येऊन तिने टेबलाची कडी उलटी सरकवली. काही झालं नाही. आणि तेवढ्यात सुयश रडायला लागला.

ती दारावर धडका मारत राहिली. बाळ रडून रडून श्वास कोंडल्यासारखं करू लागलं. आणि मग...

एकदम गप्प.

हर्षाली धडका मारायची थांबली. तिने दाराला कान लावला.

कर्र... कर्र... कर्र...

कोणीतरी झोका देत होतं.

"कोण आहे? माझ्या बाळाला हात लावू नका!"

झोका थांबला. दारापलीकडे कोणाचा तरी श्वास ऐकू आला. तिच्या कानाशी नाही. खाली... तिच्या कमरेच्या उंचीवर.

मग पुन्हा, कर्र... कर्र...

ती खिडकीकडे धावली. गज धरून ओरडली, "खातूनबी चाची! वाचवा!"

समोरच्या बिल्डिंगमधल्या खातूनबी गॅलरीत आल्या. त्यांनी हॉलच्या खिडकीकडे पाहिलं. हसल्या. मान डोलावली.

आणि आत निघून गेल्या.

दुपारी साडेतीनपर्यंत ती त्या खोलीत होती. फोन उचलत नाही म्हणून रविराज घाबरून घरी आला. त्याने त्याच्या किल्लीने दार उघडलं, बेडरूमची कडी काढली. हर्षाली त्याला ढकलून हॉलमध्ये पळाली.

सुयश शांत झोपला होता. पंखा बंद होता. झोळी... हलत होती.

संध्याकाळी ती बाळाला कडेवर घेऊन खातूनबींकडे गेली.

"चाची, मी एवढी ओरडत होते. तुम्ही आत का गेलात?"

"अगं बेटा, तुझा आवाज आला म्हणूनच तर बाहेर आले. पण नीट काही समजलं नाही. आणि ती पोरगी होती ना तुमच्याकडे, सात-आठ वर्षांची? झोका देत होती. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं. मला वाटलं, बच्चा आत्ताच झोपला असेल."

त्याच संध्याकाळी टेबल घरातून गेलं. कुठे टाकलं, ते रविराज अजून सांगत नाही.

हर्षाली मला विचारते, "तिने मला कोंडलं, की माझ्या बाळाला सांभाळलं?"

त्या संध्याकाळी हर्षाली निघताना खातूनबी दारापर्यंत आल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "कोणाची होती गं ती? झोका देता देता सारखी तुमच्या आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती...

आणि रडत होती."