दहा वाव दोर

हुलसूरच्या पोरांना समुद्र शिकवायचा म्हणजे मास्तरचं डोकं फिरलं, असं लोकांना वाटायचं. त्यात फारसं खोटंही नव्हतं. सन १९३७. समुद्र इथून सव्वाशे कोस लांब. पोरांनी पाहिलेलं सर्वांत खोल पाणी म्हणजे आप्पारावांच्या मळ्यातली विहीर. पण बीदरच्या किल्ल्यात दौडलेले अरबी घोडे आधी गलबतांतून चौलच्या बंदरात उतरले होते, हे सांगितलं आणि पोरं पुढं सरकून बसली. मग त्यांना सगळंच हवं होतं, गलबतात घोड्यांना पाणी कोण पाजायचं इथपर्यंत.

चैत्रात रास उचलून झाल्यावर त्या मळ्यातलं खळं रिकामं झालं. तिथं आम्ही राखेनं गलबत आखलं. मळणीचे बैल ज्याला बांधतात तो मधला तिवडा डोलकाठी झाला, घोंगडी शीड झाली. शेजारच्या विहिरीची खोली मापायचं काम दहा वर्षांच्या राजूबाईनं मागून घेतलं. मी तिला खलाशांची युक्ती सांगितली. दगडाच्या खळग्यात मेण भरायचं, दगड दोरानं खाली सोडायचा. तळाला जे असेल ते मेणाला चिकटून वर येतं. दोन हात पसरले की एक वाव, तेवढ्या अंतरानं मीच दोराला दहा गाठी मारल्या. विहीर काठापासून तळापर्यंत सात वाव, हे गावात कुणालाही विचारा.

राजूबाईनं ते काम का मागितलं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा बाप राघोबा मुंबईला जाऊन आगबोटीवर कोळसा ओढायला लागला होता. दोन वर्षं त्याचं पत्र नव्हतं. जाण्याआधी लेकीला शाळेत घालताना त्यानं माझ्या वहीत अंगठा उठवला होता, विळ्यानं तिरपा चिरलेला. गावात त्याची खूण तेवढीच उरली होती. त्याच्या थोरल्या भावानं, उद्धवरावांनी, ठरवलं होतं की, येत्या आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावानं घागर भरायची. ही घागर मेलेल्या माणसाच्या नावानंच भरतात. ती भरली की राजूबाईच्या आईचं, वच्छलाबाईचं, कुंकू पुसलं जाणार. मला त्या बाईचं फार वाईट वाटायचं.

पहिल्या दिवशी सात गाठी आत गेल्या, वर काळा चिखल आला. दुसऱ्या दिवशी आठ गेल्या. दोर ढिला पडला असेल, असं मी म्हणालो. पण मेणावर पांढरी बारीक वाळू होती, आणि आमच्या काळ्या रानात तशी वाळू कुठंच नाही. मी ती पुडीत बांधून घेतली. खरं सांगतो, भीती वाटली नाही. उलट हुरूप आला.

आखितीच्या सकाळी दहाही गाठी काठाखाली गेल्या.

"मास्तर, तळ लागंना," राजूबाई म्हणाली.

दोर मी हातात घेतला. तो ताठ होता, दगड खाली लोंबकळत होता. मग खालून एक हलका हिसका बसला. मासा असेल, असं मी पोरांना सांगितलं.

दगड वर ओढला. मेणावर चिखल नव्हता, वाळूही नव्हती. तिथं अंगठ्याचा ठसा होता, मोठ्या माणसाचा. मधून तिरपी चीर गेलेली.

दगड ओल्या फडक्यात गुंडाळून, शाळेतली वही घेऊन मी राघोबाच्या घरी गेलो. ओसरीवर रिकामी घागर घासून ठेवली होती. दोन्ही ठसे मी शेजारी शेजारी मांडले. उद्धवराव वाकून बघू लागले आणि कुण्या पोरानं दाबलं असेल म्हणाले. त्यांचा आवाज मात्र खाली गेला होता.

वच्छलाबाईनं मला विचारलं, "मास्तर, गार पाण्यात मेण मऊ ऱ्हातंय का?"

"न्हाई. कडक हुतंय."

"मग बोट कसं उठलं?"

मेण मऊ व्हायला हाताची ऊब लागते, हे मीच वर्गात शिकवलं होतं.

तिनं घागर पालथी घातली. उद्धवरावांनी अडवलं नाही. मग तिनं आपला अंगठा त्या ठशात ठेवला.

"गरम हाय अजून," ती म्हणाली.

मी हात लावून पाहिला. फडकं गार होतं. दगड गार होता.

मेण गरम होतं.